मिरजेची तारीख

आईनं पायात चपला घातल्या, फाइलची पिशवी खांद्याला अडकवली, आणि मग उंबऱ्यावर बसून त्याच चपला पुन्हा काढून ठेवल्या.

"यावेळी तुम्ही जा त्याला घेऊन," ती अप्पांना म्हणाली.

अप्पा खाकी शर्टाची बटणं लावत होते. ते जतला वीज मंडळात लाइनमन होते, सातला हजेरी असायची. त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

"कुठं?"

"मिरजेला. आज प्रभूची तारीख आहे."

"मला ड्यूटी आहे."

"रजा टाका."

"तुला काय होतंय?"

"काही होत नाही. थकले."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. आई आजारी पडायची तेव्हाही आपण आजारी आहोत असं म्हणायची नाही. थकले, हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटलं ती रडेल. पण ती रडली नाही. पिशवी काढून तिनं अप्पांच्या हातात दिली आणि भिंतीला डोकं टेकून बसली.

"तेरा वर्षं झाली ऑपरेशनला," अप्पा म्हणाले. "दर सहा महिन्यांनी जायचं, तेच वजन, तेच रक्त. नवीन काय सांगतात ते?"

"तेच ऐकून या."

हे एकोणीसशे सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरातलं. मी तेरा वर्षांचा होतो, आठवीत. जन्मलो तेव्हा माझ्या लघवीच्या वाटेत एक पातळ पडदा होता. पोट फुगलं, लघवी होईना, म्हणून मला जतहून मिरजेला नेलं आणि आठव्या दिवशी तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात तो पडदा दुर्बिणीतून कापला. ऑपरेशन चांगलं झालं. अप्पांच्या दृष्टीनं गोष्ट तिथं संपली. आईच्या दृष्टीनं तिथून सुरू झाली. आधी दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी मिरजेला जायचं. आमच्या घरात त्याला तारीख म्हणायचे, कोर्टाची असते तशी.

दोन तारखांच्या मधले दिवसही आईचेच होते. मला लघवी लागल्याचं नीट कळायचं नाही, म्हणून घड्याळ बघून जायचं. दिवसा दर दोन तासांनी. एकदा जाऊन आलं की पाच मिनिटं थांबून पुन्हा जायचं, राहिलेलं निघावं म्हणून. किती झाली ते प्लॅस्टिकच्या मापात मोजून वहीत लिहायचं. रात्री अकरा, दोन आणि पाचला आई गजर लावून मला उठवायची. तरी अंथरूण ओलं व्हायचंच. अप्पांना ती माझी खोड वाटायची. तिसरीत असताना एकदा त्यांनी माझी ओली वाकळ मागच्या अंगणात न टाकता पुढच्या कुंपणावर टाकली होती, जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसेल अशी. पोराला लाज वाटली की सुधारेल, असा त्यांचा हिशोब. आईनं काही न बोलता ती उचलून मागं नेली. अप्पा दुष्ट नव्हते. त्यांना फक्त वाटायचं की आईनं एका बऱ्या झालेल्या पोराला आजारी करून ठेवलंय.

शेजारच्या मोमीनचाचांकडे रजेचा निरोप देऊन अप्पा आणि मी स्टँडवर गेलो. सहाची मिरज गाडी लागलेली होती.

आई गाडीत चढताना कंडक्टरला आधीच सांगून ठेवायची, या पोराचं ऑपरेशन झालंय, कवठ्याला पाच-दहा मिनिटं लागतील. अप्पांना ते माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं, त्यांना माहीत असेल. कवठेमहांकाळ जवळ आलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अप्पा, माझी वेळ झाली."

"कसली?"

मी करंगळी दाखवली.

"धर की थोडा वेळ. मिरज काय लांब नाही."

"धरायचं नसतं. मागं जातं."

"मागं म्हणजे कुठं?"

"किडनीत."

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी मोठ्यांच्या तोंडचं काहीतरी पाठ करून म्हणून दाखवलंय. पण उठले आणि कंडक्टरकडे गेले. कंडक्टर म्हणाला, "एवढा मोठा पोरगा, त्याला धरवत नाही होय?" दोन-तीन माणसांनी मागं वळून बघितलं.

"पोट बिघडलंय त्याचं," अप्पा म्हणाले.

आई असं कधी म्हणायची नाही. मी उतरलो, जाऊन आलो, आणि स्टँडच्या भिंतीपाशी उभा राहिलो.

"चल की."

"पाच मिनिटांनी परत जायचंय."

"दोनदा?"

"दोनदाच असतं."

कंडक्टरनं घंटी मारली. अप्पा एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग ते गाडीच्या दारात जाऊन एक पाय पायरीवर ठेवून उभे राहिले, म्हणजे गाडीला निघता येऊ नये. मी दुसऱ्यांदा जाऊन आलो.

दवाखान्यात त्यांना काही माहीत नव्हतं. केसपेपर कुठं काढायचा, वजन कुठं, रक्त आधी द्यायचं की सोनोग्राफी. पुढं मी आणि मागं पिशवी घेऊन अप्पा असे आम्ही फिरत होतो. विजेच्या खांबावर चढलेले अप्पा मी खालून पाहिले होते. त्या उंचीवरही त्यांचे पाय कधी चुकायचे नाहीत. इथं ते दर वळणावर थांबत होते. आणि जो तो त्यांना एकच विचारत होता.

"आई नाही आल्या?" केसपेपरवाल्या बाईंनी विचारलं.

"आज महादेवीताई नाहीत का?" रक्त घेणाऱ्या मुलानं विचारलं.

बाहेरच्या बाकावर एक तरुण बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. तिनं माझ्या हातातली फाइल ओळखली.

"तू प्रभूलिंग ना? तुझी आई येणार होती आज. मागच्या वेळी म्हणाली होती, मला सगळं नीट समजावून सांगते म्हणून. मी त्यासाठी आजची तारीख घेतली."

"आई आली नाही," मी म्हणालो. "अप्पा आलेत."

ती अप्पांकडे वळली. "तुम्ही वडील का? मग तुम्हीच सांगा. माझ्या ह्याचं पण तेच ऑपरेशन झालंय, पडद्याचं. सात महिन्यांचा आहे. पुढं सगळं बरं होतं ना?"

अप्पांनी त्या बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्यासमोर हाफ पँटीत उभा होतो, वर्गात सगळ्यांत बुटका, डोळ्यांखाली सुजलेला.

"शाळेत जातो तो," शेवटी ते म्हणाले. "आठवीत आहे. गणितात हुशार आहे."

ती बाई पुढं काहीतरी ऐकायची वाट बघत राहिली.

दीडच्या सुमाराला आमचा नंबर आला. हेरेकर मॅडम मला जन्मापासून बघत होत्या. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. त्यांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे आणि मग अप्पांकडे बघितलं.

"तुम्ही आलात. बरं झालं. रात्री किती वेळा उठवता त्याला?"

अप्पा पिशवीत वही शोधू लागले.

"तीनदा," मी म्हणालो.

"गेल्या सहा महिन्यांत ताप?"

"दोनदा आला. एकदा गणपतीत, थंडी वाजून. लघवी तपासली, जंतू निघाले. पाच दिवस गोळ्या," मी म्हणालो.

"पाणी किती पितो?"

"दोन लिटर."

"औषध कुठलं चालू आहे?"

मी दोन्ही गोळ्यांची नावं सांगितली. मॅडमनी लिहिणं थांबवून अप्पांना विचारलं, "त्याची कुठली किडनी जास्त खराब आहे, माहीत आहे तुम्हाला?"

अप्पा माझ्याकडे बघू लागले. मला त्यांची दया आली. उत्तर मला येत होतं, पण या वेळी मी दिलं नाही.

"डावी," मॅडमच म्हणाल्या. "डावीचं काम जवळजवळ बंद आहे. आजवर त्याला उजवीनंच सांभाळलंय." मग त्या मला म्हणाल्या, "प्रभू, दरवेळी मी तुला बाहेर बसवते. आज बसवणार नाही. शरीर तुझं आहे, तू पण ऐक."

मी खुर्ची पुढं ओढली.

"मागच्या तारखेला मी ताईंना सांगितलं होतं, पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या, तुमच्याशी बोलायचंय म्हणून. त्या बोलल्या असतील."

"नाही," अप्पा म्हणाले. "काही बोलली नाही."

मॅडमनी फाइलमधली पानं उलटली. मग त्यांनी रक्ताचा कागद पुढं ठेवला आणि पेनानं एका आकड्याखाली रेघ ओढली. किडनीनं बाहेर टाकायची घाण रक्तात किती साठलीय, ते तो आकडा सांगायचा. दोन वर्षांपूर्वी एक पॉइंट एक होता. सहा महिन्यांपूर्वी एक पॉइंट सहा. आज एक पॉइंट नऊ.

"म्हणजे ऑपरेशन चुकलं का?" अप्पांनी विचारलं. आवाज थोडा चढला होता.

"नाही. पडदा व्यवस्थित निघाला. पण आईच्या पोटात असताना पाच-सहा महिने त्या पडद्यामागं लघवी तुंबली. त्याच्या किडन्या आणि मूत्राशय तेव्हाच दुखावले. पडदा काढल्यावर पुढचं नुकसान कमी होतं. झालेलं भरून येत नाही. म्हणून तर आम्ही तारखा देतो. आता हा वाढीला लागलाय. शरीर वाढणार, किडनी तेवढीच राहणार. तिला झेपेनासं होतंय."

"मग?"

"पुढंमागं किडनी बदलावी लागेल. पाच वर्षं, दहा वर्षं, आज नक्की सांगता येत नाही. जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं."

खोलीत पंखा चालू होता. मला आठवतं, मी काहीच विचार करत नव्हतो. मी अप्पांचा हात बघत होतो. तो टेबलावरच्या फाइलवर उताणा पडला होता, कुणीतरी तिथं ठेवून गेल्यासारखा.

"हे तिला माहीत आहे?" अप्पांनी विचारलं.

"सहा महिन्यांपासून."

मग मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली. सोनोग्राफीत दिसत होतं की दोनदा जाऊनही माझं मूत्राशय रिकामं होत नाही. उरलेलं सतत मागं दाब देतं. ते काढायला आता दिवसातून चार वेळा नळी घालायची आणि रात्री नळी लघवीच्या पिशवीला जोडून ठेवायची. आजच शिकायचं. मी शिकायचं आणि घरातल्या आणखी एकानं.

"त्याची आई करेल ते," अप्पा म्हणाले.

"तो तेरा वर्षांचा आहे. आईसमोर त्याला अवघड जाईल. तुम्ही शिका," असं म्हणून मॅडमनी फाइल मिटली.

आवळे सिस्टर आम्हाला पडद्यामागच्या खोलीत घेऊन गेल्या. त्या पन्नाशीच्या होत्या, बोलताना हात थांबायचे नाहीत. आधी मला संडासात पाठवलं, दोन्ही वेळा. पूर्ण रिकामं करून ये, म्हणाल्या. मी आलो. मग अप्पांना म्हणाल्या, "हात धुवा."

अप्पांनी धुतले.

"परत धुवा. नखं बघू. कापा ती." त्यांनी नेलकटर दिलं. अप्पा खिडकीशी उभे राहून नखं कापू लागले. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख शॉक लागून जळाल्यापासून जाड आणि वाकडं उगवायचं. ते कापायला त्यांना खूप वेळ लागला. सिस्टर तेवढ्यात मला दाखवत होत्या. ही नळी, ही जेली, जेलीनं जागा सुन्न होते, नळी हळू सरकवायची, अडली तर जोर करायचा नाही, लांब श्वास घ्यायचा.

"मी करतो," मी म्हणालो. "अप्पा, तुम्ही तिकडं बघा."

अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी नळी घातली आणि अर्ध्यातच अडली. जळजळलं. मी जोर केला, मग दुखलं, आणि मी नळी ओढून काढली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा नळी हातातून निसटून खाली पडली. सिस्टरनी दुसरी काढली.

"बस आता थोडं," त्या म्हणाल्या.

अप्पा वळले. "मी बघू का?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही. अप्पांनी तिसऱ्यांदा हात धुतले, न सांगता. ते स्टूल ओढून बसले, आणि मी छताकडे बघायला लागलो. सिस्टर सांगत होत्या, ते करत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तारेला हात लावण्याआधी ते असेच थांबत असतील, असं मला वाटलं.

"श्वास घे, प्रभू," ते म्हणाले. "लांब. अजून. झालं."

नळीतून लघवी यायला लागली. सिस्टरनी काचेचं माप खाली धरलं होतं. सुरुवातीला अप्पांना हायसं वाटलं असावं, ते चक्क थोडे हसले. पण ती थांबेना. माप पाव झालं, अर्धं झालं. त्यांचं हसू गेलं.

"आत्ताच तर जाऊन आला हा," ते म्हणाले. "दोनदा."

"हो."

"मग हे?"

"हे आत राहिलेलं. एकशे सत्तर." सिस्टरनी आकडा वहीत लिहिला. "रोज राहत असणार. प्रत्येक वेळी."

अप्पा मापाकडे बघत होते. "लाइन बंद केली तरी मागं करंट उरतो," ते हळूच म्हणाले, सिस्टरना की मला ते कळलं नाही. "अर्थिंग करून तो जमिनीत सोडल्याशिवाय हात लावायचा नसतो. आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो ते."

सिस्टरनी नळ्या धुवायच्या कशा, उकळायच्या कशा, डब्यात ठेवायच्या कशा ते दाखवलं. मग त्यांनी माझ्याकडून एकदा करवून घेतलं. या वेळी मला जमलं.

मिरजेच्या स्टँडवर आम्ही आईनं बांधून दिलेल्या भाकरी खाल्ल्या. अप्पांनी बाटलीतलं पाणी आधी मला दिलं.

"रात्री तुझं अंथरूण ओलं होतं," ते म्हणाले. "ते यामुळंच का?"

"भरलं की सांडतं. झोपेत मला कळत नाही."

"मुद्दाम नाही."

"नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरला होता तो परत फडक्यात ठेवला. पुढच्या आयुष्यात त्या वाकळेबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

गाडीत मला झोप लागली. कवठे कधी आलं आणि गेलं ते कळलं नाही. मिरज ते जत न उतरता, झोपून आलो असं तोवर कधीच झालं नव्हतं. जत आल्यावर अप्पांनी हलवलं तेव्हा ते तसेच ताठ बसलेले होते, पिशवी मांडीवर घेऊन.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. आई चुलीपुढं बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग अप्पांकडे, आणि परत तव्याकडे. मी आतल्या खोलीत जाऊन कपडे बदलायला लागलो. मधल्या दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं असायचं.

"तुला माहीत होतं," अप्पा म्हणाले.

"हो."

"सहा महिने."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तेरा वर्षं सांगतच होते," आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्हाला वाटायचं मी वाढवून सांगते. हे सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, डॉक्टर घाबरवतात आणि तू घाबरतेस. मग मी तुम्हाला पटवत बसले असते. तेवढी ताकद नव्हती राहिली. म्हटलं, त्यांच्याच तोंडून ऐका."

भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग अप्पांनी हाक मारली, "प्रभू, आठ वाजत आले. हात धुवून ये." आणि आईला म्हणाले, "एक पातेलं दे. नळी उकळायचीय. मी करतो, तू बस."

त्या दिवसानंतर मिरजेच्या तारखा अप्पांच्या झाल्या. आई वर्षातून एकदा यायची, बाकावरच्या बायकांशी बोलायला. रात्रपाळी आली की अप्पा ती बदलून घ्यायचे. रात्री नळी पिशवीला जोडलेली असायची, त्यामुळे अकरा, दोन आणि पाचचा गजर बंद झाला. पंधराव्या वर्षापासून मी सगळं माझं मी करायला लागलो, तरी झोपण्याआधी अप्पा दारात येऊन विचारायचे, "झालं का?" मी हो म्हटलं की जायचे. उजव्या किडनीनं आणखी अकरा वर्षं काढली. मी डिप्लोमा केला, भूमापन खात्यात लागलो. चोविसाव्या वर्षी ती थकली. आठ महिने डायलिसिसवर काढले. अप्पांनी किडनी द्यायची म्हणून सगळ्या तपासण्या केल्या, पण त्यांना रक्तदाब निघाला, डॉक्टरांनी नाही म्हटलं. आईची जुळली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी पुण्याच्या दवाखान्यात आम्ही दोघं एकाच खोलीत होतो. अप्पा कसल्याशा सह्या करायला खाली गेले होते. आई खिडकीकडे पाठ करून पडली होती. ती छप्पन्न वर्षांची होती. मी तिला म्हटलं, "तुझ्यावर सगळं पहिल्यापासूनच पडलं. आता हेही."

"सगळं नाही पडलं," ती म्हणाली. "एक दिवस मी टाकून गेले होते."

"कधी?"

"अप्पांना तुझ्याबरोबर पाठवलं तो दिवस. तुम्ही गेलात आणि मी दोन साड्या पिशवीत घालून विजापूरच्या गाडीत बसले. माहेरी. परत यायचं नाही असं ठरवून."

मी उठून बसलो.

"अप्पांच्या वागण्यामुळं?"

"अप्पांचा राग होताच. पण तेवढ्यानं कुणी जात नाही. तुझ्यामुळं पण. सगळ्यामुळं. पुढं अजून वीस वर्षं हेच, आणि शेवटी मॅडम म्हणाल्या तेच होणार, हे डोक्यातून जाईना. गाडीत मला वाईटही वाटलं नाही बघ. काहीच वाटलं नाही."

"मग?"

"आज्जीनं दार उघडलं. पोरगा कुठाय, म्हणाली. म्हटलं, त्याच्या बापाबरोबर दवाखान्यात. तिनं मला बसवलं आणि चहा ठेवायला आत गेली. चहा उकळेपर्यंत मी तिथंच आडवी झाले. चार तास झोपले. तिनं उठवलं नाही. तुझ्या जन्मापासून सलग चार तास कधी झोपले नव्हते मी." आईनं चादर वर ओढली. "उठले, तोंड धुतलं आणि परतीची गाडी धरली. मला तुम्हाला सोडून जायचं नव्हतं रे. मला झोपायचं होतं. ते झोपून उठल्यावर कळलं."

"अप्पांना माहीत आहे?"

"त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून, तुला काही लागलं तरी, त्यांनी मला एकदाही उठवलं नाही."

अप्पा कागद घेऊन वर आले.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मला शुद्ध आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. सिस्टरनी पिशवी उचलून दाखवली, लघवी भरपूर होत होती. आईच्या किडनीनं टेबलावरच काम सुरू केलं होतं. मी विचारलं, आई कशी आहे. त्या काचेपलीकडं डोकावून आल्या.

"बऱ्या आहेत. गाढ झोपल्यात," त्या म्हणाल्या. "तुम्ही शुद्धीवर आलात म्हणून सांगू का त्यांना? उठवू?"

"नको," मी म्हणालो.